सुरुवातीच्या एसएसडींची किंमत हार्ड डिस्कच्या तुलनेत वसूल होत होती का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आज नवा लॅपटॉप घेताना एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) घ्यावी की हार्ड डिस्क, हा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही. २००८ ते २०१० या काळात मात्र तो पडत असे आणि त्यावर तावातावाने वाद होत. त्या वेळी हजारो रुपये मोजून ज्यांनी ८० जीबीची एसएसडी घेतली ते शहाणे ठरले की फसले, असे आजही विचारले जाते. जुन्या संगणकांतून निघालेल्या त्या एसएसडींचे आता काय करावे, असेही विचारले जाते. माझे काम अक्षरजुळणीचे असल्यामुळे हा प्रश्न मी रोजच्या कामात अनुभवला आहे. पुढील उत्तरे त्या अनुभवातून आणि या तंत्राच्या अभ्यासातून लिहिली आहेत.

‘सुरुवातीच्या एसएसडी’ म्हणजे नेमक्या कोणत्या?

फ्लॅश स्मृतीचा, म्हणजे वीज बंद केली तरी माहिती टिकवणाऱ्या चिपचा, शोध तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात लावला आणि तिच्यावर चालणारी साठवण त्यानंतर काही वर्षांतच बाजारात आली. मात्र तिची किंमत आणि क्षमता पाहता ती विशेष यंत्रसामग्रीपुरतीच राहिली. सामान्य ग्राहकाच्या लॅपटॉपमध्ये ती शिरली २००६ साली, सॅमसंगने ३२ जीबीची एसएसडी बसवलेले संगणक विक्रीला आणले तेव्हा. पाठोपाठ २००७ मध्ये सॅनडिस्कच्या एसएसडी आल्या, जानेवारी २००८ मध्ये ६४ जीबी एसएसडीचा पर्याय असलेला पहिला मॅकबुक एअर आला आणि सप्टेंबर २००८ मध्ये इंटेलची एक्स२५-एम आली. या पानावर ‘सुरुवातीच्या’ हा शब्द २००६ ते २०१० एवढ्याच काळासाठी वापरला आहे.

किमतीत खरोखर किती फरक होता?

एक्स२५-एमच्या ८० जीबी आवृत्तीची घाऊक किंमत ५९५ डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे २७,००० रुपये. हिशोब केला तर एका जीबीला जवळजवळ साडेसात डॉलर पडत. त्याच सुमारास हार्ड डिस्कचा एक जीबी काही सेंटांत मिळत होता. जीबीमागे असे कित्येक पट अंतर असताना दुकानदाराने एसएसडीला ‘हौशी लोकांची वस्तू’ म्हणावे, यात त्याची काही चूक नव्हती.

पहिल्या मॅकबुक एअरमध्ये ८० जीबीच्या हार्ड डिस्कऐवजी ६४ जीबीची एसएसडी घ्यायची तर ९९९ डॉलर जादा द्यावे लागत. जागा कमी आणि पैसे जास्त असा तो सौदा होता, आणि माझ्या मते त्या घडीला तो योग्य नव्हता.

चित्र पालटले ते जुलै २००९ मध्ये. इंटेलने ३४ नॅनोमीटर तंत्रावर, म्हणजे चिपवरचे घटक आणखी बारीक करून, बनवलेली दुसरी पिढी आणली आणि ८० जीबीची घाऊक किंमत २२५ डॉलरवर आणली. एका वर्षाच्या आत किंमत निम्म्याहून खाली आली. ‘महाग, पण विचार करण्याजोगी’ असे एसएसडीबद्दल प्रथमच म्हणता आले ते या टप्प्यावर.

एवढे पैसे मोजून मिळत काय होते?

या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी हार्ड डिस्क कशी चालते ते आधी पाहावे लागेल. डेस्कटॉप संगणकातील नेहमीच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली माहिती हेडखाली (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर सरकावे लागते आणि त्यात साधारण ८ ते ९ मिलिसेकंद जातात. अशा रीतीने माहितीचा एक तुकडा गाठायला १२-१३ मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला जेमतेम ८० तुकडे गाठता येतात. लॅपटॉपमधील ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कची गती याहूनही कमी असते.

माहिती सलग ठेवलेली असेल तर हे अंतर एकदाच कापावे लागते आणि पुढे डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेगाने वाचत जाते. पण संगणक सुरू होताना किंवा एखादा प्रोग्रॅम उघडताना माहिती सलग मिळत नाही. शेकडो छोट्या फाइल तबकडीवर इकडेतिकडे विखुरलेल्या असतात आणि प्रत्येकीसाठी हेडला धावावे लागते. सेकंदाला ८० तुकडे आणि प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरला, तर १०० एमबीने वाचू शकणारी तीच डिस्क प्रत्यक्षात सेकंदाला ३२० केबी एवढेच वाचते. ‘प्रोसेसर नवा, तरी संगणक मंद’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच असे.

एसएसडीत फिरणारे काहीच नसते. कोणताही तुकडा गाठायला तिला मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ लागतो, मग तो तुकडा शेजारी असो की दुसऱ्या टोकाला. अनेक मागण्या एकाच वेळी आल्या तर एक्स२५-एम ४ केबीचे ३५,००० तुकडे सेकंदाला वाचू शकते, असा इंटेलचा दावा होता. एकट्या वापरकर्त्याच्या कामात हा आकडा गाठला जात नाही, परंतु त्याचा लहानसा अंशही हार्ड डिस्कच्या ८०च्या तुलनेत प्रचंड ठरतो. म्हणून ग्राहक पैसे मोजत होता ते साठवणुकीच्या जागेसाठी नव्हे, तर वाट पाहण्यातून सुटका होण्यासाठी. जीबीमागे किंमत काढणाऱ्याला हा व्यवहार नेहमीच तोट्याचा दिसे, कारण त्याच्या हिशोबात वेळेचा रकानाच नसे.

हा फरक रोजच्या कामात जाणवत होता, की फक्त चाचण्यांच्या आकड्यांत?

जाणवत होता. माझ्या टेबलावरचे उदाहरण देतो. देवनागरी अक्षरजुळणी करणाऱ्याच्या संगणकात टंकांच्या (फॉन्टच्या) शेकडो फाइल असतात. एकेक फाइल पन्नास-शंभर केबीची, आणि वर्षानुवर्षे एकेक करून भरल्यामुळे डिस्कभर विखुरलेली. सकाळी संगणक सुरू केला की पडदा दिसू लागे, पण त्याला हात लावण्यात अर्थ नसे. खोक्यावरचा तांबडा दिवा अखंड जळत राही, आतून हेड सरकल्याची बारीक करकर ऐकू येई आणि पानांची मांडणी करणारा प्रोग्रॅम उघडताना एकेका टंकाचे नाव सावकाश पुढे सरके. दिवाळी अंकांच्या दिवसांत प्रोग्रॅम मध्येच बंद पडला, की हाच प्रकार दिवसातून चार-पाच वेळा पाहावा लागे आणि मुद्रितशोधक शेजारी हातात कागद धरून उभे राहत.

दुसऱ्या पिढीची ८० जीबीची एसएसडी बसवली त्या दिवशी प्रोसेसर तोच होता, रॅम तीच होती आणि टंकही तेवढेच होते. टंकांची नावे मात्र वाचता येणार नाहीत अशा वेगाने सरकली आणि पान समोर आले. तांबडा दिवा क्षणभर लुकलुकून विझला. त्याआधी मी दोनदा प्रोसेसर बदलला होता, पण एवढा फरक कधी पडला नव्हता.

मोठ्या फाइल, चित्रपट आणि छायाचित्रांसाठी तिचा उपयोग होता का?

फारसा नाही. पहिल्या एक्स२५-एमचा सलग लिहिण्याचा वेग सेकंदाला ७० एमबी होता आणि त्या काळच्या चांगल्या हार्ड डिस्क याहून वेगाने लिहीत. साठवणीसाठी हार्ड डिस्कच योग्य होती. ऑपरेटिंग सिस्टिम व प्रोग्रॅम एसएसडीवर आणि बाकी सारे हार्ड डिस्कवर, अशी विभागणी डेस्कटॉपवर उत्तम चाले. लॅपटॉपमध्ये बहुधा एकाच डिस्कची जागा असल्यामुळे तिथे हा निर्णय अवघड होई.

सगळ्याच सुरुवातीच्या एसएसडी वेगवान होत्या का?

नव्हत्या. ‘एसएसडी घेतली आणि संगणक आणखी अडखळू लागला’ असे सांगणारे लोक खरे बोलत होते.

फ्लॅशची एक अडचण अशी की तिच्यात लिहिणे आणि पुसणे वेगवेगळ्या मापाने होते. त्या काळच्या फ्लॅशमध्ये लिहिण्याचे एकक ४ केबीचे पान असे, परंतु पुसायचे तर १२८ पानांचा, म्हणजे ५१२ केबीचा पूर्ण ब्लॉक पुसावा लागे. भरलेल्या ब्लॉकमधले एकच पान बदलायचे झाले, तर हाताळणी साधी असलेला कंट्रोलर (एसएसडीतील फ्लॅशचा कारभार पाहणारी चिप) उरलेली पाने आधी वाचून घेई, ब्लॉक पुसे आणि सगळे पुन्हा लिही. एका ओळीची चूक सुधारण्यासाठी आठ फर्म्यांचे पुस्तक नव्याने छापण्यासारखेच ते होते. उत्तम कंट्रोलर बदललेले पान दुसरीकडे रिकाम्या जागी लिहितो, त्याची नोंद आपल्या नकाशात ठेवतो आणि साफसफाई सवडीने करतो.

२००८ मध्ये आलेल्या अनेक स्वस्त एसएसडींत जेमायक्रॉन कंपनीचा जेएमएफ६०२ हा कंट्रोलर होता. छोटी छोटी लेखने एकापाठोपाठ आली की तो गुदमरे. एकेका लेखनाला शेकडो मिलिसेकंद लागत आणि तेवढा वेळ सारा संगणक गोठल्यासारखा होई. ब्राउझर तर सतत असेच बारीकसारीक लिहीत असतो, त्यामुळे साधे पान उघडतानाही झटके बसत. खोक्यावर छापलेला सलग वाचनाचा आकडा मात्र भपकेदार असे आणि तो खोटाही नव्हता. ग्राहकाला ज्याची गरज होती तो आकडा तिथे छापलेला नसे, एवढेच. अशी एसएसडी हार्ड डिस्कच्या निम्म्या किमतीत मिळाली असती तरी मी ती घ्या म्हटले नसते.

एक्स२५-एममध्ये फ्लॅशच्या दहा वाहिन्या एकाच वेळी चालत आणि तिचा कंट्रोलर वर सांगितलेली नोंदवही चोख ठेवत असे. पुढे २००९ मध्ये इंडिलिंक्सचा बेअरफूट कंट्रोलर असलेल्या एसएसडी आल्या आणि मध्यम किमतीतही न अडखळणारा पर्याय मिळाला. त्यामुळे ‘एसएसडी घ्यावी का’ याआधी ‘तिच्यात कंट्रोलर कोणता’ हे विचारणे त्या काळी अत्यावश्यक होते.

वापरता वापरता त्या मंद का पडत?

फाइल काढून टाकली की ऑपरेटिंग सिस्टिम फक्त आपल्या यादीतून तिचे नाव खोडते. डिस्कला याचा पत्ता नसतो. हार्ड डिस्कचे त्याने काही बिघडत नाही, कारण ती जुन्यावर थेट नवे लिहू शकते. एसएसडी मात्र तो मजकूर अजून हवा आहे असे समजून जपत राहते, त्यामुळे रिकामी जागा कमी होत जाते आणि साफसफाईचे काम वाढत जाते. नवी असताना वेगवान वाटलेली एसएसडी काही महिन्यांनी लिहिताना सुस्त वाटे, त्याचे कारण हे.

यावरचा उपाय म्हणजे ट्रिम. कोणती जागा खरोखर मोकळी झाली आहे हे या आज्ञेने ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कला कळवते. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ मध्ये ट्रिम होती. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये ती फेब्रुवारी २०१० मधील २.६.३३ या आवृत्तीपासून आली. इंटेलने ट्रिमसाठीचे फर्मवेअर (डिस्कच्या आत चालणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या पिढीलाच दिले, पहिल्या पिढीला नाही. ज्यांनी वर्षभर आधी अडीच पटींहून अधिक पैसे मोजले होते त्यांनाच ही सोय मिळाली नाही, याचे मला तेव्हाही वाईट वाटले होते आणि आजही वाटते.

फ्लॅश झिजते, ही भीती खरी होती का?

झीज खरी होती, भीती मात्र बहुतांशी अनाठायी होती. फ्लॅशचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येतो. एका कप्प्यात एकच बिट ठेवणाऱ्या महागड्या एसएलसी फ्लॅशसाठी ही मर्यादा सुमारे १,००,००० वेळांची, तर दोन बिट ठेवणाऱ्या ५० नॅनोमीटरच्या एमएलसीसाठी सुमारे १०,००० वेळांची मानली जाई.

हिशोब करून पाहू. ८० जीबी गुणिले १०,००० म्हणजे कागदावर ८०० टीबी लेखन होते. प्रत्यक्षात कंट्रोलरला मागितल्यापेक्षा अधिक लिहावे लागते, म्हणून इंटेलने आश्वासन दिले ते रोज २० जीबी याप्रमाणे पाच वर्षांचे, म्हणजे सुमारे साडेछत्तीस टीबीचे. अक्षरजुळणी, हिशोब, पत्रव्यवहार, ब्राउझर यांत दिवसाला २० जीबी लिहिले जात नाही. ‘झिजेल’ म्हणून एसएसडी न घेणारे लोक, माझ्या मते, चुकीच्या कारणासाठी थांबले; किमतीसाठी थांबलेल्यांचे कारण समजण्यासारखे होते.

धक्के, आवाज, उष्णता आणि बॅटरी यांचे काय?

धक्क्यांच्या बाबतीत एसएसडीचा फायदा निर्विवाद होता. एसटीच्या मागच्या बाकावर बसून खडबडीत रस्त्यावर लॅपटॉप चालू ठेवणे हार्ड डिस्कसाठी धोक्याचे, कारण तबकडी आणि हेड यांच्यातील अंतर केसाच्या जाडीच्या कितीतरी पटींनी कमी असते. पाहणीसाठी गावोगाव फिरणाऱ्यांना केवळ एवढ्याच कारणासाठीही एसएसडी परवडली असती. तिचा आवाज तर शून्यच.

बॅटरीबद्दल मात्र अपेक्षा फुगवून सांगितल्या गेल्या. डिस्कची वीज वाचते हे खरे, पण लॅपटॉपची बहुतेक वीज पडदा आणि प्रोसेसर खातात. त्यामुळे बॅटरीचा वेळ थोडाच वाढे.

तेवढ्याच पैशांत रॅम वाढवणे किंवा वेगवान हार्ड डिस्क घेणे शहाणपणाचे नव्हते का?

रॅमबाबत होय. १ जीबी रॅमवर विंडोज व्हिस्टा चालवणाऱ्याने आधी रॅमच वाढवायला हवी होती, कारण रॅम अपुरी असली की ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवर सतत लिहीत-वाचत राहते आणि त्याचा भार एसएसडीवरही पडतो. मात्र ३२ बिट विंडोजमध्ये ४ जीबीच्या पुढची रॅम वापरता येत नसे, आणि त्या मर्यादेला पोहोचलेल्या संगणकात पुढची पायरी एसएसडीच होती.

वेगवान डिस्कचे उदाहरण म्हणजे वेस्टर्न डिजिटलची १०,००० फेऱ्यांची व्हेलोसिरॅप्टर. २००८ मध्ये आलेली ही ३०० जीबीची डिस्क तिच्या जातीतली उत्कृष्ट होती. पण तिचाही अर्धा फेरा ३ मिलिसेकंदांचा, त्यात हेड सरकण्याचा वेळ वेगळा. यांत्रिक हालचाल कितीही घासूनपुसून वेगवान केली तरी ती एसएसडीच्या जवळपासही येत नव्हती.

व्यावसायिक सर्व्हरसाठी हिशोब वेगळा होता का?

पूर्णपणे वेगळा, आणि तिथे एसएसडी अगदी पहिल्या दिवसापासून परवडत होती. डेटाबेस चालवणाऱ्यांना जागा नको असते, सेकंदाला जास्तीत जास्त छोटे व्यवहार हवे असतात. १५,००० फेऱ्यांची महागडी डिस्कसुद्धा सेकंदाला दोनशेच्या आसपासच तुकडे हाताळते. हजारो व्यवहारांसाठी मग डझनावारी डिस्क, त्यांची वीज, थंडावा आणि कपाटातली जागा असा सगळा खर्च येई. ३२ जीबीची, एसएलसी फ्लॅशची एक्स२५-ई २००८ मध्ये ६९५ डॉलरला आली, तेव्हा घरच्या ग्राहकाला ती वेडेपणाची वाटली; डेटाबेस सांभाळणाऱ्याला मात्र ती स्वस्त वाटली. डिस्कचे मोल जीबीमागे काढायचे की व्यवहारामागे, एवढाच काय तो फरक.

विश्वासार्हतेत कोण पुढे होते?

हालणारे भाग नाहीत म्हणून एसएसडी बिघडणारच नाही, असा समज त्या वेळी पसरला होता आणि तो घातक होता. सुरुवातीच्या एसएसडींचे दुखणे फर्मवेअरमध्ये होते. ट्रिमची सोय देणारे इंटेलचे पहिले फर्मवेअर ऑक्टोबर २००९ मध्ये आले, तेव्हा काही ग्राहकांच्या एसएसडी त्यानंतर चालेनाशा झाल्या आणि कंपनीला ते मागे घेऊन दुरुस्त करावे लागले. हार्ड डिस्क मरण्याआधी पुष्कळदा आवाज करते, अडखळते, सावध होण्याची संधी देते. एसएसडी आदल्या रात्री उत्तम चालते आणि सकाळी संगणकाला ती सापडतच नाही. तिच्यातून माहिती परत मिळवणेही अवघड जाते. म्हणून एसएसडी घेणाऱ्याने बॅकअपसाठी हार्ड डिस्कचा खर्चही त्याच हिशोबात धरायला हवा होता, आणि मी तसाच धरला.

मग स्पष्ट सांगायचे तर कोणी घ्यायला हवी होती, आणि केव्हा?

२००६ ते मध्य २००८ या काळात घरगुती ग्राहकाने एसएसडी घेण्यात अर्थ नव्हता. सप्टेंबर २००८ नंतर एक्स२५-एम योग्य होती ती अशांसाठी, ज्यांचा दिवसाचा पगार किंवा मजुरी संगणकासमोर थांबण्यात वाया जात होती. रोज अर्धा तास वाचला तर महिन्याच्या पंचवीस कामाच्या दिवसांत साडेबारा तास वाचतात. २७,००० रुपयांना या तासांनी भागून पाहावे आणि आपल्या तासाच्या कमाईशी ताडून पाहावे. ताशी १०० रुपये कमावणाऱ्याची किंमत वसूल व्हायला पावणेदोन वर्षे लागली असती, ताशी ३०० रुपये कमावणाऱ्याची सात-आठ महिन्यांत झाली असती. जुलै २००९ नंतर, दुसरी पिढी आणि विंडोज ७ एकत्र आल्यावर, संगणकावर पोट असलेल्या कोणाही माणसाला मी निःसंकोचपणे ‘घ्या’ असे सांगत होतो. केवळ गाणी, चित्रपट आणि अधूनमधून ईमेल एवढाच वापर असलेल्यांनी थांबणेच योग्य होते.

अशी जुनी एसएसडी आज हाती आली तर वापरावी का?

जुन्या लॅपटॉपला जिवंत ठेवण्यासाठी जरूर वापरावी, महत्त्वाचा मजकूर ठेवण्यासाठी मुळीच नाही. प्रथम तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, तपासावी आणि झिजेचा निर्देशांक पाहावा. विभाजन (पार्टिशन) नव्याने करावे, कारण विंडोज एक्सपीने केलेले विभाजन ६३व्या सेक्टरपासून सुरू होते आणि ४ केबीच्या पानांशी जुळत नाही, त्यामुळे एका पानाच्या लेखनासाठी दोन पानांना हात लागतो. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत विभाजन १ एमबीपासून सुरू होते आणि हा दोष राहत नाही. ट्रिम नसलेल्या पहिल्या पिढीच्या एसएसडीवर पूर्ण पुसण्याची आज्ञा देऊन तिचा मूळ वेग बराचसा परत मिळवता येतो. नंतर दहा-पंधरा टक्के जागा विभाजनाबाहेर मोकळी ठेवावी. डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइल सलग लावण्याचे काम, करू नये. आणि माहिती भरून ती कपाटात ठेवून देऊ नये, कारण झिजलेली फ्लॅश विजेविना, विशेषतः उष्ण खोलीत, आतला विद्युतभार हळूहळू गमावते. माझी ८० जीबीची दुसऱ्या पिढीची एसएसडी सध्या पावत्या छापणाऱ्या जुन्या संगणकात आहे आणि दर शनिवारी तिचा बॅकअप शेजारच्या हार्ड डिस्कवर उतरतो.